आयन थ्रस्टर: जाळीचा घ्यावा की हॉल? ५०० किलोच्या यानाचा हिशोब

कक्षाधर (धागाकर्ता)

एका कागदी आराखड्यावर जाणकारांची मतं हवी आहेत. यान सुटताना ५०० किलो. रॉकेट त्याला पृथ्वीच्या पकडीबाहेर सोडून देणार. तिथून लघुग्रहापर्यंत ६ किलोमीटर प्रति सेकंद एवढा वेगबदल यानाने स्वतःच्या थ्रस्टरवर करायचा. पृथ्वीइतक्या अंतरावर थ्रस्टरसाठी सौरपंखांतून २.५ किलोवॅट मिळतात. इंधन झेनॉन. (जळत काहीच नाही, तरी सोयीसाठी इंधनच म्हणतो.)

दोन पर्याय समोर आहेत. जाळीचा आयन थ्रस्टर (विजेच्या जाळ्यांतून आयन, म्हणजे भारित अणू, फेकणारा), विशिष्ट आवेग (इंधनाच्या काटकसरीचं माप) ३१०० सेकंद. किंवा हॉल थ्रस्टर (जाळीऐवजी चुंबकीय क्षेत्र वापरणारा), १७०० सेकंद. पहिल्या नजरेत जाळीचाच सरस वाटतो. तरी इतकी नवी यानं हॉलकडे का वळत आहेत?

अपसूर्य

आधी आकडेमोड करू.

हॉल: विशिष्ट आवेग १७०० म्हणजे आयनांचा सरासरी उपयुक्त वेग (बहिर्वेग) १६.७ किमी/से. रॉकेट समीकरणाने ५०० किलोतून १५१ किलो झेनॉन लागतो. जाळीचा: ३०.४ किमी/से, झेनॉन ९० किलो. इथे ६१ किलोंची बचत दिसते आणि बहुतेक तुलना इथेच थांबतात.

आता वेळ बघा. रेटा = २ × कार्यक्षमता × वीज ÷ बहिर्वेग. हॉलची एकूण कार्यक्षमता ४६ टक्के आणि जाळीची ६१ टक्के धरली, तर २.५ किलोवॅटवर हॉल १३७ मिलिन्यूटन देतो आणि जाळीचा १००. लागणारा एकूण आवेग भागून पाहिला की हॉलला २१३ दिवस पूर्ण रेटा द्यावा लागतो, जाळीच्याला ३१५ दिवस. हे दिवस सगळा वेळ २.५ किलोवॅट मिळाले तरचे. सूर्यापासून दुप्पट अंतरावर वीज जवळपास चौथाई होते. सरासरी वीज निम्मी धरली तर हेच आकडे सव्वा वर्षाच्या आतबाहेर आणि पावणेदोन वर्षं होतात.

म्हणून निवड किलोंवर करता येत नाही, दिवसांवरही करावी लागते.

चुंबकरेषा

त्या ६१ किलोंतूनही काही वजा करा. जाळीच्या थ्रस्टरच्या पॉवर युनिटमध्ये किलोव्होल्टच्या घरातला बीमचा (आयनांच्या झोताचा) पुरवठा, जाळीचा ऋण पुरवठा, डिस्चार्ज (वायू आयनित करणारा प्रवाह), दोन कॅथोडांचे (इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या नळ्यांचे) हीटर आणि कीपर (कॅथोडवरची टोपी) असे बरेच पुरवठे असतात. नासाच्या डीप स्पेस १ आणि डॉन या यानांवरच्या एनस्टार या जाळीच्या इंजिनाचा थ्रस्टर सुमारे ८ किलोंचा, त्याचं पॉवर युनिट सुमारे १५ किलोंचं. हॉलमध्ये मुख्य पुरवठा एकच, ३०० व्होल्टच्या आसपास. वर चुंबकाची कॉइल, हीटर, कीपर. एक संच राखीव ठेवायचा म्हटला की जाळीकडचं वजन दुपटीने वाढतं.

मात्र जाळीची एक बाजू खरोखर भक्कम आहे. एनस्टार २.३ किलोवॅटपासून अर्ध्या किलोवॅटपर्यंत खाली उतरवता येतो. सूर्यापासून लांब जाणाऱ्या यानाला हे फार उपयोगी पडतं. डॉनने ४२५ किलो झेनॉनवर ११ किमी/से.हून जास्त वेगबदल केला आणि वेस्टा व सेरेस अशा दोन पिंडांभोवती कक्षा घेतली. तुमचा वेगबदल ६ ऐवजी १० असता तर मी डोळे मिटून जाळी सुचवली असती.

कक्षाधर

विशिष्ट आवेग वाढवला की इंधन कमी, हे कळलं. मग ईएसए (युरोपीय अवकाश संस्था) आणि ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटी यांच्या चार जाळ्यांच्या थ्रस्टरने २००५-०६ मध्ये २१० किमी/से. बहिर्वेग दाखवला होता, तसं काही का नको?

अपसूर्य

तुमच्याच यानावर लावून बघा. २१० किमी/से. ला झेनॉन लागेल फक्त १४ किलो. पण २.५ किलोवॅटवर, ६० टक्के कार्यक्षमता धरूनही, रेटा १४ मिलिन्यूटन. म्हणजे पूर्ण विजेवर साडेसहा वर्षं अखंड चालवायचं. वाचलेलं वजन पंखांवर घालून वीज वाढवावी, तर पंखांना वजन आहेच.

यावर जुनं, भक्कम उत्तर आहे. पंख, पॉवर युनिट आणि थ्रस्टर मिळून दर किलोवॅटला किती किलो, हा आकडा काढा. वजन किलोत आणि वीज वॅटमध्ये ठेवली, तर सर्वात फायद्याचा बहिर्वेग साधारणपणे √(२ × कार्यक्षमता × रेट्याचा वेळ ÷ वजन प्रति वॅट) इतका येतो. २० किलो प्रति किलोवॅट, ६० टक्के कार्यक्षमता आणि वर्षभर रेटा धरला, तर ४३ किमी/से. वेळ १०० दिवसांवर आणला की तोच आकडा २३ किमी/से. होतो. म्हणजे घाई जितकी जास्त, तितका कमी विशिष्ट आवेग बरा. चार जाळ्यांचं यंत्र अणुभट्टीच्या विजेवर अनेक वर्षं धावणाऱ्या यानासाठी योग्य आहे. २.५ किलोवॅटच्या यानाचं ते काम नव्हे.

या क्षेत्रात पुढारलेलं काय, असं कोणी विचारलं तर माझ्या मते वेगाचा विक्रम नाही. तासांचा विक्रम महत्त्वाचा.

चुंबकरेषा

तासांचा विषय निघालाच आहे, तर झीज कुठे आणि का होते ते सविस्तर लिहितो.

जाळीच्या थ्रस्टरमध्ये आतल्या पडदा-जाळीमागे प्लाझ्मा (आयन आणि इलेक्ट्रॉनांचं मिश्रण) असतो, तिच्यापुढे मिलिमीटरहून कमी अंतरावर प्रवेगक जाळी. एनस्टारमध्ये पडदा-जाळी सुमारे +११०० व्होल्टवर आणि प्रवेगक जाळी −१८० व्होल्टवर. ऋण व्होल्ट देण्याचं कारण असं की बाहेर न्यूट्रलायझरने (बीमचा भार शमवणाऱ्या कॅथोडने) सोडलेले इलेक्ट्रॉन उलटे आत शिरू नयेत. भोकं समोरासमोर नीट बसली असतील तर बीममधला आयन प्रवेगक जाळीला स्पर्शही करत नाही. मग तिची झीज करतं कोण? न आयनित झालेला झेनॉन. वेगवान आयन वाटेत संथ अणूकडून इलेक्ट्रॉन घेतो. तो स्वतः वेगवान अणू होऊन निघून जातो आणि मागे संथ आयन उरतो. हा संथ आयन ऋण जाळीकडे खेचला जातो आणि तिच्यावर आदळून धातू उडवतो. भोकांच्या आतल्या भिंती झिजतात, आणि जाळीच्या बाहेरच्या तोंडावर भोकांमध्ये खड्डे नि चर पडतात.

भोक मोठं झालं की मध्यभागी ऋण विभव पुरेसं खोल राहत नाही आणि इलेक्ट्रॉन उलटे घुसू लागतात. तेव्हा ऋण व्होल्ट वाढवावे लागतात. व्होल्ट वाढले की आदळणारे आयन आणखी जोरात आदळतात. म्हणून प्रवेगक जाळीचं व्होल्टेज सुरुवातीला लागेल तेवढंच, त्यावर थोडीच सवलत ठेवून लावा. सवलत किती उरली ते मधूनमधून मोजायचं: ऋण व्होल्ट हळूहळू कमी करत बीमचा प्रवाह अचानक कुठे उचल खातो ते बघायचं.

दुसरं दुखणं कण अडकण्याचं. जाळ्यांमधल्या फटीत धातूची पापडी बसली की दोन्ही जाळ्या जोडल्या जातात. डीप स्पेस १ वर नोव्हेंबर १९९८ मध्ये इंजिन पहिल्यांदा सुरू झालं आणि साडेचार मिनिटांत बंद पडलं. दोन आठवड्यांनी ते पुन्हा पेटलं आणि मग मोहीमभर चाललं. मधल्या काळात यान सूर्याकडे वळवून जाळ्या तापवल्या-गार केल्या होत्या, म्हणजे फट हलून कण सुटावा.

आता हॉल. इथे जाळीच नाही. बोरॉन नायट्राइडच्या कड्यासारख्या खोबणीत त्रिज्येच्या दिशेने काहीशे गॉसचं चुंबकीय क्षेत्र, खोबणीच्या तळाशी अ‍ॅनोड, बाहेर कॅथोड. इलेक्ट्रॉन त्या क्षेत्रात अडकून गोल गोल फिरतात. जड आयनांना क्षेत्राचा फारसा अडथळा नसतो, ते सरळ बाहेर फेकले जातात. झीज होते खोबणीच्या तोंडाशी. आयनांचा काही भाग तिरपा जाऊन भिंतीला लागतो, सिरॅमिक पातळ होत जातं आणि शेवटी मागचं चुंबकाचं लोखंड उघडं पडतं. तो थ्रस्टरचा अंत.

यावर उपाय सापडला तो एका चाचणीतून. ४.५ किलोवॅटच्या बीपीटी-४००० या हॉल थ्रस्टरची दीर्घ चाचणी १०,००० तासांपुढे गेली, पण सुमारे ५,६०० तासांनंतर भिंतीची झीज जवळजवळ थांबली होती. नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी कारण शोधलं. झिजून आलेला भिंतीचा आकार आणि चुंबकरेषांचा आकार जुळून आले होते. भिंतीलगतची रेषा खोबणीत आत अ‍ॅनोडपर्यंत वळत असेल, तर तिच्यावर इलेक्ट्रॉन थंड आणि विभव अ‍ॅनोडच्या जवळचं राहतं. भिंतीकडे ढकलणारं विद्युतक्षेत्रच मग उरत नाही. हाच आकार पहिल्या दिवसापासून मुद्दाम द्यायचा, याला चुंबकीय कवच म्हणतात. भिंतीची झीज शंभर ते हजार पटींनी खाली येते. पुढचा प्रश्न चुंबकाच्या ध्रुवांच्या पुढच्या तोंडाचा. तिथे थोडी झीज दिसू लागते, म्हणून ग्राफाइटची झाकणं बसवतात.

तुमच्या आराखड्यात कवच असलेला हॉल घ्या. २१३ दिवस म्हणजे ५,१०० तास. सरासरी वीज निम्मी धरली तरी १०,२००.

लँथॅनम

जाळी आणि भिंतीवर सगळे बोलतात, पण यान घात खातं ते बरेचदा कॅथोडपाशी. दोन्ही प्रकारांत तो लागतो. त्यावर थोडं मोठं लिहिते.

पोकळ कॅथोड म्हणजे बोटाएवढी नळी. आत इलेक्ट्रॉन सोडणारी अस्तर-नळी, बाहेर गुंडाळलेला हीटर, पुढे बारीक भोक, आणि त्यावर टोपीसारखा कीपर. अस्तर दोन प्रकारचं. एक, सच्छिद्र टंगस्टनमध्ये बेरियम ऑक्साइड, कॅल्शियम ऑक्साइड आणि अ‍ॅल्युमिना ४:१:१ या प्रमाणात मुरवलेलं. ते साधारण १००० ते ११०० अंशांवर काम करतं. दुसरं लँथॅनम हेक्झाबोराइडचं, त्याला १६०० अंशांच्या आसपास तापावं लागतं.

बेरियमवालं कमी तापमानावर चालतं, म्हणून हीटरला सुखाचं. पण पाण्याची वाफ आणि ऑक्सिजन त्याला विषासारखे. पृष्ठभागावरचा बेरियमचा पातळ थर बिघडला की इलेक्ट्रॉन सुटायला जास्त ऊर्जा लागते. त्यासाठी ९९.९९९५ टक्के शुद्धतेचा झेनॉन घेतात. पण बाटलीवरचा आकडा नळीच्या टोकापाशी खरा असेलच असं नाही. नळ्यांची हेलियमने गळती-तपासणी, मग तापवून निर्वात करणं, मग झेनॉनने धुणं, हे तिन्ही करायचं. हवा लागलेला कॅथोड थेट पूर्ण तापवायचा नाही. आधी कमी तापमानावर काही तास, मग थंड होऊ देणं, मग पुन्हा वर, आणि शेवटी पूर्ण तापमान तासभर. घाई केली तर सुटणाऱ्या वाफेनेच बेरियम खराब होतो.

लँथॅनम हेक्झाबोराइड अशुद्धता कितीतरी जास्त सहन करतं. त्याची अडचण वेगळी: तापल्यावर त्यातलं बोरॉन टँटलम-मॉलिब्डेनमसारख्या धातूंत शिरतं आणि धातू ठिसूळ होऊन तडकतो. त्यामुळे अस्तर आणि नळी यांच्यामध्ये ग्राफाइटचं वेष्टन लागतं, किंवा नळीच ग्राफाइटची.

पेटवायचा क्रम असा. हीटर चालू, काही मिनिटं थांबा. कॅथोडचा वायू सुरू. कीपरला काहीशे व्होल्ट. कीपरचा प्रवाह स्थिर झाला की हीटर बंद. मग अ‍ॅनोडचा वायू, चुंबक आणि मुख्य डिस्चार्ज. यांतला आगामागचा क्रम यंत्रागणिक बदलतो, उत्पादकाच्या क्रमातून हलू नका.

बिघाडाची चाहूल कीपरच्या व्होल्टेजवरून लागते. पेटायला दर वेळी थोडा जास्त वेळ लागणं, हे पहिलं लक्षण. वायू कमी पडला तर कॅथोड प्लूम अवस्थेत जातो. कीपरच्या व्होल्टेजमधला चढउतार शिखर ते शिखर ५ व्होल्टच्या वर गेला की तो तिथे पोहोचला असं धरतात. त्या अवस्थेत वेगवान आयन तयार होतात आणि कीपर खाऊन टाकतात. एनस्टारच्या ३०,३५२ तासांच्या चाचणीत डिस्चार्ज कॅथोडच्या कीपरचं तोंड पुरतं झिजून गेलं होतं. पुढच्या नेक्स्ट थ्रस्टरमध्ये कीपर ग्राफाइटचा केला, आणि त्याची चाचणी ५०,००० तासांच्या पुढे गेली, त्यात ९०० किलोंहून जास्त झेनॉन वापरला गेला.

वायूत दोन-पाच टक्के वाचवण्यासाठी कॅथोडचा प्रवाह खाली ओढू नका. ही बचत फार महाग पडते.

कक्षाधर

ही माहिती एका जागी क्वचित मिळते, फार आभार. एक विचारतो, झेनॉनऐवजी क्रिप्टॉन, आरगॉन किंवा आयोडीन घेतलं तर?

अपसूर्य

क्रिप्टॉनचा अणू हलका (८४ विरुद्ध १३१), आयनित करायला १४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, झेनॉनला १२.१. त्याच व्होल्टेजवर बहिर्वेग सव्वापट, पण रेटा प्रति किलोवॅट कमी आणि कार्यक्षमताही थोडी उतरते. आरगॉनला १५.८. तरी स्टारलिंकने आधी क्रिप्टॉन, नंतर आरगॉन घेतलं, कारण हजारो उपग्रह आहेत आणि आरगॉन हवेत जवळपास एक टक्का असतं. तुमच्या एकट्या यानाला त्याचा लाभ नाही. उलट टाकी मोठी लागेल.

आयोडीन आकर्षक आहे: घनरूपात ठेवता येतं, उच्च दाबाची टाकी नको, तापवलं की वाफ. २०२० मध्ये सोडलेल्या छोट्या उपग्रहावर त्याचा जाळीचा थ्रस्टर चालला आहे. पण ते धातूंना खातं, आणि नळीत कुठे एक थंड जागा राहिली की तिथेच गोठून वाट बंद करतं. सगळी नळी टाकीपेक्षा गरम ठेवावी लागते. क्यूबसॅटसाठी (खोक्याएवढ्या छोट्या उपग्रहांसाठी) उत्तम. ५०० किलोच्या यानाला झेनॉनच ठेवा.

शून्यदाब

जमिनीवरच्या चाचणीबद्दल कोणी लिहिलं नाही, आणि विश्वासाने छापलेले बरेच आकडे तिथेच घसरतात.

तुमचा थ्रस्टर दर सेकंदाला अ‍ॅनोडमधून ८.२ मिलिग्रॅम झेनॉन सोडणार. चेंबरमध्ये दाब १ मिलिपास्कलच्या आसपास राखायचा तर पंपांनी सेकंदाला दीड लाख लिटर झेनॉन ओढला पाहिजे. झेनॉनवर २,००० लिटर ओढणारे टर्बोपंप लावले तर पाऊणशे लागतील. म्हणून अतिथंड पत्रे लावून झेनॉन त्यांच्यावर गोठवतात. दाब जास्त राहिला तर चेंबरातला उरलेला झेनॉन उलट थ्रस्टरमध्ये शिरतो, आयनित होतो आणि फुकटचा रेटा दाखवतो. कागदावर कार्यक्षमता वाढते आणि अवकाशात ती नसते. दाबमापी नायट्रोजनवर जुळवलेला असतो. झेनॉनसाठी त्याचा आकडा २.८७ ने भागायचा. कोणाचाही अहवाल वाचताना दाब भागलेला आहे की नाही ते आधी बघा.

१३७ मिलिन्यूटन म्हणजे १४ ग्रॅमचं वजन. ते मोजायचं काही किलोंच्या यंत्रावर, ज्याला जाड केबल आणि वायूच्या नळ्या लोंबत आहेत. तापल्यावर केबलचा ताठपणा बदलतो आणि शून्य सरकतो. थ्रस्टर अचानक बंद करून लगेच शून्य घेणं, आणि चेंबर बंद असतानाच ज्ञात वजनांनी परत परत पारखणं, याला पर्याय नाही.

दीर्घ चाचणीत आणखी एक फसगत होते. बीम समोरच्या ग्राफाइटवर आदळून कार्बन उडवतो आणि तो परत येऊन थ्रस्टरवर बसतो. झीज होत असते आणि वर लेप चढत असतो. मोजलेली झीज मग खऱ्याहून कमी दिसते. लेपाचा वेग साक्षी-काचेवर वेगळा मोजा आणि हिशोबात धरा.

आणि एक रोजची कसोटी. झेनॉनचा १.३६ मिलिग्रॅम प्रति सेकंद म्हणजे १ अँपियर. ८.२ मिलिग्रॅम सगळा एकेरी आयनित झाला तर ६ अँपियर. तुमचा डिस्चार्ज ३०० व्होल्टवर ७.७ अँपियरच्या आसपास येईल. वरचे १.७ म्हणजे चुंबकीय क्षेत्र ओलांडून अ‍ॅनोडपर्यंत गळणारे इलेक्ट्रॉन. वायूचा प्रवाह तोच ठेवून हा फरक वाढू लागला तर चुंबकाच्या कॉइलचा प्रवाह, भिंतीवरचा लेप आणि कॅथोड या क्रमाने तपासा.

चुंबकरेषा

शून्यदाब यांच्या शेवटच्या मुद्द्याला जोडून: तो ७.७ अँपियर सपाट नसतो. हॉलमध्ये १० ते ३० किलोहर्ट्झचा श्वास चालू असतो. वायू भरतो, आयनित होऊन निघून जातो, पुन्हा भरतो. पॉवर युनिटच्या तोंडाशी फिल्टर आणि केबलचं इंडक्टन्स यांची अनुनादी वारंवारता त्या पट्ट्यात पडली तर चढउतार भडकतो. चाचणीत लांब केबल आणि यानावर आखूड, इतक्या फरकानेही थ्रस्टरची वागणूक बदलते. पहिल्या दिवसापासून यानाच्या लांबीचीच केबल लावा.

यानावर बसवताना बीमचा शंकू साधारण ४५ अंशांचा धरून सौरपंख त्याबाहेर ठेवा. बीमबाहेरही संथ आयन वळून मागे येतात आणि पंखांवरच्या चांदीच्या जोडण्या हळूहळू खातात. हॉलचा बीम किंचित पिळलेला असल्याने यानाला स्वतःभोवती फिरवणारा बारीकसा आघूर्णही मिळतो. महिनोन्महिने तो साठून यानाची दिशा सांभाळणारी फिरती चाकं त्यांच्या कमाल वेगापर्यंत नेतो. दोन थ्रस्टर असतील तर त्यांच्या चुंबकांची दिशा उलटसुलट ठेवा.

कक्षाधर

सगळं जमेस धरून आराखडा बदलला आहे: कवच असलेले दोन हॉल थ्रस्टर, एक चालू, एक राखीव. लँथॅनम हेक्झाबोराइडचे कॅथोड. झेनॉन १५१ किलो, टाकी १०० लिटर, लिटरला १.५ किलो धरून. २१३ दिवसांना ९० टक्के चालू वेळ धरला तर २३७ दिवस. काही राहिलं का?

शून्यदाब

दोन गोष्टी राहिल्या. १७०० सेकंद हा विशिष्ट आवेग एकूण वायूवरचा आहे की फक्त अ‍ॅनोडच्या वायूवरचा? माहितीपत्रकात पुष्कळदा दुसरा असतो. कॅथोडला ७ टक्के वायू जात असेल तर खरा आकडा १५९०च्या आसपास येतो, आणि झेनॉन १५१ नाही, १६० किलो लागतो.

दुसरं, टाकी पूर्ण रिकामी होत नाही. दाब-नियंत्रकाला ३ बार तरी हवेत असं धरलं, तर १२० लिटरच्या टाकीत २० अंशांवर सुमारे २ किलो झेनॉन अडकून राहतो. त्यावर १० टक्के राखीव धरा, १६ किलो. एकूण १७८ किलो, म्हणजे टाकी १२० लिटर. झेनॉनचा क्रांतिक बिंदू (ज्याच्यावर द्रव आणि वायू असा भेद उरत नाही) १६.६ अंश आणि ५८ बारवर आहे, त्याच्या आसपास घनता किंचित तापमानबदलानेही उसळते. भरताना टप्प्याटप्प्याने, टाकी थंड होऊ देत भरा, आणि उड्डाणात टाकी २० अंशांच्या खाली जाऊ देऊ नका. नाहीतर उरलेला झेनॉन किती हे दाबावरून सांगता येणार नाही.

कक्षाधर

तपासलं. आकडा अ‍ॅनोडच्याच वायूवरचा होता. टाकी १२० लिटरची केली आणि हीटरसाठी वीज वेगळी काढली. कोरडं यान आता ३२२ किलोत बसवायचं आहे. वैज्ञानिक उपकरणांची यादी घेऊन वेगळा धागा काढतो.